अकरा पुड्या आणि पूर्वा

बुधवारी दुपारी एक वाजून चाळीस मिनिटांनी सुंदराबाई ओव्हाळ यांच्या मोबाइलवर पणजीच्या एका हॉटेलचा मेल आला. कर्वेनगरातल्या त्यांच्या सोसायटीत त्या वेळी बाकी सगळे झोपलेले होते. जागा होता तो फक्त वॉचमन, आणि त्याच्याबद्दलही खात्रीने सांगता येत नाही.

मेल इंग्रजीत होता. सुंदराबाईंनी महापालिकेच्या शाळेत एकतीस वर्षं शिकवलं होतं. त्यांनी तो एकदा मनात वाचला, चष्मा पुसून पुन्हा वाचला आणि मग नवऱ्याला हलवून उठवलं.

“अहो, ऐका. ‘प्रिय सुंदरा आणि रामदास, तुम्ही हॉटेलात येत नाही आहात, तुम्ही घरी येत आहात. आमचं अकरा जणांचं कुटुंब तुमची वाट पाहतंय. काही हवं-नको असेल तर मला हक्काने कळवा. प्रेमपूर्वक, पूर्वा.’”

“बरं,” म्हणून रामदासांनी कूस बदलली.

“बरं काय? घरात अकरा माणसं आहेत.”

“असतील.”

“मग रिकाम्या हाताने जायचं?”

हा प्रश्न नव्हता, निकाल होता. पस्तीस वर्षांच्या संसारात रामदासांना तेवढा फरक कळायला लागला होता. कुणाच्या घरी जायचं तर हातात काहीतरी हवं, हा सुंदराबाईंच्या घरचा पहिला नियम होता. दवाखान्यात भेटायला जातानाही त्या पेशंटसाठी, पेशंटच्या नातेवाइकांसाठी आणि शेजारच्या खाटेसाठी अशा तीन पुड्या नेत असत.

हे सगळं सुरू झालं आम्रपालीमुळे. आम्रपाली ही ओव्हाळांची मुलगी, हिंजवडीत नोकरीला. आईवडिलांच्या लग्नाला पस्तीस वर्षं झाली म्हणून तिने त्यांना पणजीत समुद्राच्या तोंडावरच्या एका छोट्या, देखण्या हॉटेलात तीन दिवसांचा मुक्काम भेट दिला होता. अकरा खोल्यांचं बुटीक हॉटेल. विमानाची तिकिटंही काढून दिली होती.

त्याच दुपारी सुंदराबाईंनी पूर्वाला उत्तर लिहिलं. घरात लहान मुलं किती? कुणाला शुगर आहे का? तिखट कितपत चालतं? वडीलधाऱ्यांना चकली चावते का? पाठवलं. चाळीस सेकंदांत पूर्वाचं उत्तर हजर: ‘तुमचा आनंद आमच्यासाठी मोलाचा आहे! कुटुंबातलं कुणीतरी चोवीस तासांत तुमच्याशी बोलेल. प्रेमपूर्वक, पूर्वा.’

“बघा,” सुंदराबाई म्हणाल्या. “एवढ्या धबडग्यात पोरीने लगेच उत्तर दिलं. आपल्या प्रज्ञेशला आठवड्याने सवड मिळते.”

प्रज्ञेश म्हणजे मुलगा, हैदराबादला.

रामदास उठून बसले. त्यांची चौतीस वर्षं सरकारी खात्याच्या आवक-जावक शाखेत गेली होती. पत्र आलं की शिक्का, क्रमांक, तारीख, टेबल. त्या चौतीस वर्षांनी त्यांना एक गोष्ट शिकवली होती: ज्या पत्राला त्याच मिनिटाला उत्तर येतं, ते पत्र कुणीही वाचलेलं नसतं. माणसाने वाचलं की वेळ लागतो. काही प्रकरणांत तर वाचणारा निवृत्त होतो.

त्यांनी गच्चीवर जाऊन आम्रपालीला फोन लावला.

“बाबा, ऑब्व्हियसली ऑटो-रिप्लाय आहे तो,” ती म्हणाली. “पूर्वा वगैरे कुणी नसतं. ब्रँडिंग असतं ते. थांबा, मी आईला सांगते.”

“खबरदार!” रामदास एवढ्या जोरात म्हणाले की टाकीवरची कबुतरं उडाली.

त्याला कारण होतं. गेल्या फेब्रुवारीत सुंदराबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. गुडघा बरा झाला, पण बाकीचं काहीतरी दुखत राहिलं. डाळ, भात, पोळी, भाजी आणि संपलं. दिवाळीत कढई ओट्यावर आलीच नाही. “कोण खाणार?” एवढंच त्या म्हणाल्या. रामदासांनी एकट्याने कितीही खाल्लं तरी ते ‘कोण’ या सदरात बसत नव्हते. आणि आता, खाली स्वयंपाकघरातून, अकरा महिन्यांनी पहिल्यांदा भाजणीचा वास गच्चीपर्यंत आला होता.

अकरा माणसं नसतील तर नसोत. पण ते सुंदराबाईंना कळता कामा नये. रामदासांनी तिथेच, टाकीच्या सावलीत, ठरवून टाकलं.

सोसायटीत बातमी संध्याकाळपर्यंत पोचली. समोरच्या फ्लॅटमधले शरच्चंद्र लिमये जन्मापासून साठ वर्षं शनिवार पेठेत राहून नंतर कर्वेनगरात आलेले. इथे येऊन त्यांना आठ वर्षं झाली, तरी ते अजून ‘तात्पुरते’ होते. ते दारातच उभे राहिले.

“ओव्हाळसाहेब, हॉटेलात फराळ नेताय असं कळलं.”

“हो.”

“उत्तम. रेल्वेने जाताना घरून इंजिनही नेत जा.”

“लिमयेसाहेब, बुटीक हॉटेल आहे ते.”

“बुटीक? तिथे ब्लाउज शिवतात ना?”

पण लिमयेवहिनींनी, म्हणजे कुसुमताईंनी, हा प्रश्न नवऱ्याच्या वाट्याला राहूच दिला नाही. त्या थेट आत गेल्या आणि बरणीभर मेतकूट ठेवून आल्या. “गोव्याची माणसं मऊ भात खातात, त्यांना लागेल.” दुसऱ्या मजल्यावरून शेंगदाण्याचे लाडू आले. तळमजल्यावरून आवळ्याचं लोणचं आलं आणि सोबत सल्ला आला की बरणी उभी ठेवा. मग वर कुणीतरी म्हणालं, आडवी ठेवा, उभी फुटते. या विषयावर जिन्यात बराच वेळ चर्चा झाली. तीत बरणीचं मत सोडून सगळ्यांची मतं घेण्यात आली.

सुंदराबाई मात्र तेलात चकल्या सोडत होत्या आणि गुणगुणत होत्या. अकरा चौकोनी कागद, अकरा पुड्या. चकली, तिखट शेव, बेसनाचे लाडू, लसणाची चटणी. प्रत्येक पुडीवर नाव लिहिण्यासाठी जागा रिकामी. “नावं तिथे विचारून घालू,” त्या म्हणाल्या.

रामदासांनी त्या रात्री नऊ वाजता हॉटेलला गुपचूप पत्र लिहिलं. सवयीने विषय लिहिला: ‘सौ. सुंदराबाई ओव्हाळ यांच्या आगमनप्रसंगी आपलेपणाने वागण्याबाबत.’ संदर्भ: ‘आपला दि. बुधवारचा मेल.’ महोदय, उपरोक्त विषयी नम्र विनंती की. चाळीस सेकंदांत उत्तर आलं. त्यांचा आनंद पूर्वासाठी मोलाचा होता.

गुरुवारी त्यांनी स्मरणपत्र क्रमांक एक पाठवलं. शुक्रवारी क्रमांक दोन. ‘अद्याप कार्यवाही झालेली दिसून येत नाही’ हे वाक्य त्यांनी आयुष्यभर दुसऱ्यांसाठी टाइप केलं होतं. स्वतःसाठी लिहिताना ते किती केविलवाणं असतं, हे त्यांना पहिल्यांदाच कळलं. शनिवारी शेवटी फोन लावला. एक दाबा, चार दाबा, संगीत ऐका, पुन्हा एक दाबा, आणि मग जिवंत आवाज आला. ऋषी. स्वागतकक्षात कामाला. मूळचा कुडाळचा.

“पूर्वाला द्या,” रामदास म्हणाले.

“कोण पूर्वा, सर?”

“तुमचीच. मेल पाठवते ती.”

“सर, ती सिस्टीम आहे.”

“ते मला माहीत आहे. माझ्या बायकोला माहीत नाही. आणि अकरा जणांचं कुटुंब?”

“सर, खोल्या अकरा आहेत. माणसं सात. मॅनेजर धरून.”

“सात? तिने अकरा पुड्या बांधल्यात!”

“काय आहे पुड्यांत?”

“चकली, शेव, बेसनाचे लाडू, लसणाची चटणी.”

पलीकडचा आवाज एकदम मवाळ झाला. “सर, मी दोन घेईन. पण असं काही खास हवं असेल तर मॅनेजर म्हणतात वेबसाइटवर फॉर्म भरा. फॉर्मशिवाय मला काही करता येत नाही.”

हे वाक्य रामदासांच्या ओळखीचं होतं. फोनच्या या बाजूने ऐकायची वेळ मात्र पहिलीच.

फॉर्ममध्ये ‘प्रसंग’ असा रकाना होता. वाढदिवस, लग्नाचा वाढदिवस, मागणी घालणे, हनिमून, इतर. लग्नाचा वाढदिवस डिसेंबरात होऊन गेला होता आणि खोटी तारीख रामदासांनी कधी लिहिली नव्हती. ‘इतर’ निवडलं की पुढचं बटण हलेना. ते पाऊण तास विचार करत बसले. पस्तीस वर्षांपूर्वी लग्नानंतर चार दिवस महाबळेश्वरला जायचं ठरलं होतं. पण अधिवेशनाचे प्रश्न आले, रजा नामंजूर झाली आणि नंतर ते राहूनच गेलं. म्हणजे कागदोपत्री पाहिलं तर ते प्रकरण बंद झालेलं नव्हतं. प्रलंबित होतं. त्यांनी ‘हनिमून’वर खूण केली आणि शुद्ध अंतःकरणाने झोपले.

सोमवारी सकाळी लोहगावच्या विमानतळावर सामानाचा काटा एकोणचाळीस किलोवर थांबला. दोघांचे मिळून तीस चालत होते. काउंटरवरची मुलगी म्हणाली, “सर, नऊ किलो कमी करा किंवा हातात घ्या.” तेव्हा मेतकूट, लाडू आणि सुंदराबाईंनी ऐनवेळी ठेवलेला पितळी सोऱ्या हातातल्या पिशवीत गेला. सोऱ्या कशाला, असं रामदासांनी आदल्या दिवशी विचारलं होतं. “ताजी चकली ती ताजी चकली,” असं उत्तर मिळालं होतं.

तपासणीच्या यंत्राच्या पडद्यावर तो सोऱ्या नळकांडं, दांडा आणि फिरणारा स्क्रू अशा स्वरूपात दिसला. पट्टा थांबला. गणवेशातले एक गृहस्थ आले, मग दुसरे आले. दोघेही दूरच्या प्रांतातले, सोऱ्याच्या मुलखाबाहेरचे.

“यह क्या है?”

“चकली का,” सुंदराबाई म्हणाल्या आणि थांबल्या. सोऱ्याला हिंदीत काय म्हणतात, हे एकतीस वर्षांच्या सेवेत त्यांना कधी लागलं नव्हतं. त्यांनी वाटेत खायला घेतलेल्यांतली एक चकली पिशवीतून काढून दाखवली, मग सोऱ्याची ताटली दाखवली, मग हवेत दोन वेढे काढले. रांगेतले सत्तर लोक पाहत होते. रामदासांना वाटलं, जमिनीने पोटात घ्यावं. पण विमानतळाची जमीन चकचकीत आणि पक्की होती.

मोठे साहेब आले. त्यांनी चकलीकडे पाहिलं, ताटलीतल्या चांदणीच्या भोकाकडे पाहिलं, चकली उचलली, जुळवून पाहिली आणि पुरावा म्हणून तोंडात टाकली. “जाने दो,” ते म्हणाले. पुरावा परत मिळाला नाही.

हॉटेल खरोखर सुंदर होतं. गिलावा न केलेल्या राखाडी भिंती, आतल्या तारा दिसणारे दिवे, बसलं की उठता येणार नाही अशा बुटक्या खुर्च्या. खोल्यांना क्रमांकाऐवजी नावं होती. ओव्हाळांना मिळाली ‘मौन’. खिडकीत अख्खा समुद्र, आणि न्हाणीघराला खोलीच्या बाजूने भिंतच नव्हती, काच होती.

“भिंत राहिलीय बांधायची,” सुंदराबाई म्हणाल्या. त्यांनी पहिलं काम काय केलं असेल, तर सोबतची चादर तिथे टांगली. मग मागे वळल्या आणि पलंग पाहिला.

पलंगावर गुलाबाच्या पाकळ्यांचा बदाम. मधे टॉवेलचे दोन हंस, चोचीला चोच लावून. बाजूला केक, त्यावर ‘हॅपी हनिमून, सुंदरा अँड रामदास’.

सुंदराबाईंनी चष्मा सारखा करून केकवरची अक्षरं वाचली.

“अहो, हे काय लिहून दिलंत तुम्ही?”

“फॉर्ममध्ये दुसरा रकाना नव्हता,” रामदास म्हणाले. मग घसा खाकरून, “आणि आपलं महाबळेश्वर राहिलंच होतं.”

सुंदराबाई हंसांकडे पाहत राहिल्या. “रजा नामंजूर झाली होती,” त्या हळूच म्हणाल्या. “तुम्ही तो कागद महिनाभर खिशात घेऊन फिरत होतात.” मग त्यांनी एक हंस उलगडला, टॉवेल म्हणून हातपाय पुसले आणि पदर सारखा केला. “चला. घरची माणसं कुठे आहेत?”

हाच तो क्षण, ज्यासाठी रामदासांनी दोन स्मरणपत्रं पाठवली होती. ते जिना उतरताना मनातल्या मनात माणसं मोजत होते. अंगणात ऋषीने सगळ्यांना ओळीत उभं केलं होतं. मॅनेजर, आचारी, साफसफाईच्या दोघी, माळी, पहारेकरी, ऋषी. सात. त्यापुढे शहाळेवाला, शेजारच्या सायकलच्या दुकानातले दोघे, आणि शेवटी समुद्रावरचा जीवरक्षक, पिवळ्या बनियनवर शिट्टीसकट. अकरा. रामदासांनी ऋषीकडे पाहिलं. सरकारी नोकरीत अशी कर्तबगारी त्यांनी दोनदाच पाहिली होती, आणि दोन्ही वेळा चौकशी लागली होती.

सुंदराबाईंनी एकेकाला नाव विचारून, ते पुडीवर लिहून, पुडी हातात दिली. जीवरक्षकाला म्हणाल्या, “तू यांचा कोण?” तो म्हणाला, “मी सगळ्यांचाच, बाई.” ते त्यांना पटलं. पुड्या संपल्या. त्यांनी ओळ पुन्हा एकदा पाहिली.

“आणि पूर्वा कुठाय?”

“परीक्षेला,” ऋषी म्हणाला.

“बाळंतपणाला,” रामदास त्याच क्षणी म्हणाले.

ऋषीने बाजू सावरली. “म्हणजे परीक्षा दिली, आणि तिथूनच...”

“पहिलटकरीण?”

“हो,” रामदास म्हणाले. आता मागे फिरायला जागा नव्हती.

“आणि तरी मेलांना उत्तरं देते? दुपारी, रात्री, केव्हाही?” सुंदराबाई मॅनेजरकडे वळल्या. तो तिशीचा मुलगा होता. केसांची शेंडी बांधलेला, हातात पुडी. “काय हो, बाळंतिणीला रजा देत नाही तुम्ही? सव्वीस आठवड्यांचा कायदा आहे. बाबासाहेब शंभर वर्षांपूर्वी मुंबईच्या कौन्सिलात बाळंतिणीच्या रजेसाठी बोलले. आणि तुम्ही मुलीला अंथरुणातून उत्तरं द्यायला लावता?”

“मॅम, मी... बघतो.”

“बघतो नाही. लेखी द्या.”

लेखी म्हणजे लेखी. संध्याकाळी मॅनेजरने खरंच सिस्टीममध्ये जाऊन काहीतरी केलं असावं, कारण रात्री जेवणाआधी सुंदराबाईंनी खात्रीसाठी मेल टाकला, तेव्हा नेहमीचा आनंद आणि मोल आलंच नाही. आलं ते असं: ‘पूर्वा सव्वीस आठवड्यांच्या बाळंतपणाच्या रजेवर आहे.’

“झालं काम,” सुंदराबाई म्हणाल्या आणि समाधानाने मासळीच्या कालवणाला हात घातला.

रामदास मात्र त्या ओळीकडे पाहत राहिले. कार्यालयात जे फायलीवर असतं ते असतंच. इतके दिवस पूर्वा नव्हती. आता तिची रजा मंजूर होती, आणि नसलेल्या माणसाची रजा मंजूर झाल्याचं एकही उदाहरण त्यांना आठवेना.

पुढचे दोन दिवस बरे गेले. आचाऱ्याने सोऱ्या पाहिला, सुंदराबाईंनी पीठ मळलं आणि दुपारी जेवणघराच्या फळ्यावर ‘हँड-प्रेस्ड स्पायरल्स, शेफ सुंदरा’ असं खडूने लिहिलेलं दिसलं. एका परदेशी जोडप्याने ती चकली काट्या-चमच्याने खायचा प्रयत्न केला. त्यातला एक तुकडा शेजारच्या टेबलावर सापडला. शेवटच्या सकाळी सात वाजता जीवरक्षकाने वाळूत खुर्ची आणून ठेवली. सुंदराबाईंनी ऑपरेशनचा पाय पाण्यात सोडला. रामदास शेजारी उभे राहिले, चपला हातात, दोघांच्याही.

“तिथली हवा कशी असेल हो?” त्या म्हणाल्या.

“कुठली?”

“पूर्वाच्या माहेरची. थंडी असेल का?”

पुण्यात परतल्यावर गुरुवारी सकाळीच डिंक, खारीक, खोबरं, हळीव आणि गूळ आला. बाळंतिणीचे लाडू म्हणजे खेळ नव्हे. तीन दिवस सगळ्या जिन्यात तुपाचा वास दरवळत होता. शुक्रवारी लोकर आली. टोपडं सुरू झालं, पांढरं, कडेला पिवळी नक्षी.

रामदासांना हे एकट्याने सहन होईना. त्यांनी लिमयांना गाठलं आणि सगळं सांगून टाकलं.

लिमये ऐकत राहिले. “म्हणजे माणूस नाही.”

“नाही.”

“पण बाळंतीण आहे.”

“आहे असं लेखी आहे.”

“ओव्हाळसाहेब, आमच्या पेठेत पुष्कळ पाहिलं. हे पाहिलं नव्हतं.” त्यांनी चष्मा काढून पुसला. “सांगून टाका वहिनींना.”

“तुम्ही सांगाल?”

लिमयांनी उघड्या दारातून पलीकडे पाहिलं. कुसुमताई आणि सुंदराबाई खाली मान घालून लाडू वळत होत्या, आणि सुंदराबाई कशावर तरी इतक्या हसल्या की हातातला लाडू फुटला. लिमयांनी चष्मा पुन्हा चढवला.

“डबा पत्र्याचा घ्या,” ते म्हणाले. “प्लॅस्टिकमध्ये खवट होतात.”

सोमवारी लिमयांनीच स्कूटरवर पार्सल कुरिअरला नेऊन दिलं. डबाभर लाडू, टोपडं, कुसुमताईंचं मऊ सुती दुपटं, आणि चिठ्ठी: ‘चि. सौ. पूर्वास, लाडू बाकीच्यांना वाटत बसू नकोस. सुंदराकाकू.’ खाली फोन नंबर. पत्ता हॉटेलचा, कारण माहेरचा कुणालाच ठाऊक नव्हता. रामदासांनी ऋषीला फोन करून बजावलं, डबा सगळ्यांनी मिळून संपवा, टोपडं कुणाला तरी देऊन टाका आणि आभाराचे दोन शब्द पूर्वाच्या नावाने धाडा म्हणजे प्रकरण मिटेल. ऋषी हो म्हणाला.

प्रकरण मिटलं नाही. पार्सल बुधवारी पोचलं, स्वागतकक्षात तीन दिवस राहिलं, आणि शनिवारी ऋषी कुडाळहून रजा संपवून परतला तेव्हा ते जागेवर नव्हतं.

“कुणी नेलं?” रामदासांनी विचारलं.

“वहीत सही आहे, सर. वाचता येत नाही.”

“साफसफाईच्या दोघींपैकी?”

“विचारलं. नाही म्हणतात.”

मंगळवारी सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी पूर्वाचा मेल आला. मराठीत, आणि त्यात फोटो. एक तान्हं बाळ, मूठ गालाशी, डोळे घट्ट मिटलेले. डोक्यावर टोपडं, पांढरं, कडेला पिवळी नक्षी, भुवयांपर्यंत उतरलेलं. खाली दोनच ओळी. ‘काकू, टोपडं जरा मोठं होतंय. लाडू दिवसाला किती खायचे?’

सुंदराबाईंनी फोटो कुसुमताईंना दाखवला, वॉचमनला दाखवला, आणि फोनवरून आम्रपाली आणि प्रज्ञेश दोघांनाही पाठवला. आम्रपालीने वडिलांना वेगळा निरोप धाडला: ‘बाबा??? हू इज धिस???’

रामदासांनी ऋषीला फोन केला. तो शपथेवर म्हणाला की मी नाही पाठवला. मॅनेजरला विचारलं. तो म्हणाला, पूर्वाच्या मेलचा पासवर्ड तिघांकडे होता, त्यांतला एक नोकरी सोडून गेला, एक मुंबईच्या जाहिरात कंपनीत आहे आणि तिसरा मी. शहाळेवाल्याला विचारायला ऋषीला पाठवलं. शहाळेवाल्याच्या घरी बाळ नाही. सायकलवाल्यांपैकी एकाची बायको माहेरी आहे, पण ती वेंगुर्ल्याला, आणि तिला अजून दोन महिने आहेत. लिमयांचं मत असं की हे यंत्रच हल्ली असे फोटो बनवतं. पण मग विणतानाच टोपड्याचा नववा टाका सुटला होता, तो यंत्राला कसा कळला? फोटोतही तो टाका सुटलेला होता. सुंदराबाईंनी स्वतः मोठा करून दाखवला.

बुधवारी दुपारी चारपर्यंतची स्थिती अशी. बाळ मुलगा की मुलगी, हे कळलेलं नाही. वहीतली सही लागलेली नाही. सुंदराबाईंनी उत्तर धाडलं आहे की सकाळी एक, दुधाबरोबर, आणि बाळाचे कान झाकून ठेव. दुसरं, लहान मापाचं टोपडं अर्धं झालं आहे. रामदास समोरच्या खुर्चीत बसले आहेत आणि त्यांच्या दोन्ही हातांभोवती लोकरीची लड आहे.

चार वाजून पाच मिनिटांनी सुंदराबाईंचा फोन वाजला. शून्य आठ तीन दोनने सुरू होणारा नंबर, पणजीचा. ऋषीचा नाही, हॉटेलचाही नाही. रामदासांना ते दोन्ही पाठ आहेत.

“अगं, थांब, मी बघतो,” ते म्हणाले आणि उठायला गेले. पण हात गुंतलेले होते.

सुंदराबाईंनी सुया मांडीवर ठेवल्या आणि फोन कानाला लावला. पलीकडून कुणीतरी काहीतरी बोलत होतं, हळू, थांबत थांबत. रामदासांना शब्द कळेनात. बाईचा आवाज होता, एवढंच.

सुंदराबाईंनी सगळं ऐकून घेतलं.

“ते सगळं सांगशील गं,” त्या म्हणाल्या. “आधी तू जेवलीस का ते सांग.”